गिरमिटाच्या टोकावर

आयोवाच्या उत्तरेला एप्रिल. वाफसा अजून आलेला नाही.
मी गिरमिट फिरवते. हार्लन क्रुसेमार्क बघत उभा राहतो,
हात खिशात, जणू मी त्याच्या बैलाचे दात मोजते आहे.

पहिली वीतभर काळी.
रंगांच्या पुस्तकातला सगळ्यात गडद तुकडा शेजारी धरते,
तुकडाच फिका वाटतो.
ओली करून अंगठ्यानं पुढं पुढं रेटते:
पट्टी निघते एक पेर, दुसरं पेर, मग मोडते.
चिकण पोयटा, मी वहीत लिहिते.
बूट खाणारी, हार्लन म्हणतो.

तीन फुटांवर रंग उतरतो.
शेवाळी करडा, आणि त्यात गंजाचे ठिपके:
पाणी इथं मुक्कामाला यायचं, निघून जायचं,
लोखंडानं त्याची हजेरी मांडून ठेवली.
त्याही खाली हिमनदीनं टाकलेलं सगळं,
वाळू, चिकणमाती, गोटे, न निवडता, न चाळता,
घर सोडायच्या शेवटच्या दिवशी
उरलंसुरलं एकाच खोक्यात कोंबतात तसं.
आम्लाचा थेंब सोडला की फसफसतं.
तेव्हा भरडलेला चुनखडक
अजून ओ देतो.

उंचवट्यावर क्लॅरियन, मी सांगते, उतरणीला निकोलेट,
सपाटीला वेब्स्टर, खळग्यात ओकोबोजी.
सगळ्या मॉलिसॉल. गवतानं मऊ केलेल्या.
हार्लन मान हलवतो. त्याच्याकडे त्याचे वर्ग आहेत:
बर्फ आधी विरतो ती.
बापाचा फाळ मोडला ती.
दर वसंतात दगड वर येतात ती
(गुलाबी ग्रॅनाइट, कॅनडाकडचा; वेचून वेचून
कुंपणाशी त्याची टेकडी झाली आहे).
सोयाबीन पिवळं पडतं ती.
आणि आर्लिसची.

आर्लिस बहीण. वाटणीत तिला खळगा आला.
बदकं पाळ, तेव्हा हा म्हणाला होता.
त्याच्या शेताच्या पोटातून भाजलेल्या मातीचे नळ गेले,
मैलोन् मैल, पाणी ओढ्याला लावून दिलं.
तिनं एकही नळ घातला नाही.
मार्चमध्ये तिच्याकडे आभाळ उतरतं,
त्यावर निळ्या पंखांची बदकं.

आता हार्लनला रेघ हवी आहे.
त्याची माती कुठं संपते, तिची कुठं सुरू होते.
बँकेला हवी, खंडाच्या करारालाही हवी.
मी त्याला खरं ते सांगते: पेन्सिल कितीही तासली
तरी नकाशावरची माझी रेघ
जमिनीवर चाळीस फूट रुंद पडते.
त्या चाळीस फुटांत कोण राहतं, मला ठाऊक नाही.

खळग्याच्या काठावर गिरमिटातून शिंपले निघतात,
तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी.
आत, मध्यावर, दांडा पूर्ण जातो, चार फूट,
तरी काळंच.
मग आम्ही उंचवट्यावर चढतो.
इथं काळं चार बोटं. खाली लगेच पिवळट,
आणि थेंब पडायच्या आत फसफस.

मी पुस्तक चाळते, परत चाळते.
इतक्या कमी काळ्यावर ती क्लॅरियन राहत नाही.
मॉलिसॉलसुद्धा राहत नाही.
हे कसं सांगायचं याचा रकाना फॉर्मवर नाही.

त्याला सांगावं लागत नाही.
साठ वर्षं नांगर याच उतारावर खालीवर गेला आहे.
तो खळग्याकडे बघतो, बराच वेळ,
कुणी आपलाच कोट घालून
समोरून जावं तसा.

माझी आहे ती, शेवटी म्हणतो.
होती, मी म्हणत नाही. गिरमिटाची पाती पुसते.

आर्लिसला सांगू नको, तो म्हणतो.

खाली तिच्या स्वयंपाकघराची खिडकी,
पडदा अर्धा सरकवलेला.
तिथून हा उतार सबंध दिसतो,
पावसात तर नक्कीच दिसत असणार.
मी मान हलवते, वहीत नमुन्याचा क्रमांक टाकते.
पुढचं भोक कुठं, तो विचारतो,
आणि माझ्या हातातलं गिरमिट स्वतःच उचलतो.